बिनफटीची खोली

पिपलानीत, आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, रिटायर झालेल्या माणसाला क्वार्टर सोडायला काही महिन्यांची मुदत मिळते. त्या मुदतीत माणसं काय काय करतात ते मी इतकी वर्षं खिडकीतून पाहत आले होते. कुणी जवळपास कुठे दोन खोल्या बांधून मोकळं होतं, कुणी मुलाच्या गळ्यात पडतं, कुणी ट्रकमध्ये तुळशीच्या कुंडीसकट सगळं भरून थेट गावी. आमच्या ह्यांनी मात्र रायसेनच्या रस्त्याने जाऊन पुढे आत रानात, जिथे यायला विजेचा खांबसुद्धा कंटाळला, अशा जागी जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला होता. आणि आता म्हणे आपण तिथे राहायचं. हे 'म्हणे' माझं आहे. ते काही म्हणालेच नाहीत. रिटायर झाल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी, कारखान्याचा भोंगा वाजला त्या वेळेला, त्यांनी स्कूटरवर पायांपाशी सिमेंटची गोणी उभी केली आणि निघून गेले.

मी दारात उभी. हातात त्यांचा डबा. कारण हात इतक्या वर्षांच्या सवयीने पोळ्या लाटून मोकळे झाले होते.

त्या महिन्यांत मला एका जागी बसवत नसे. एक कपाट आवरायला घ्यायचं, अर्ध्यात सोडून दुसरं उघडायचं. शेजारची क्वार्टरं एकेक करून रिकामी होत होती, नवी पोरंपोरी राहायला येत होती, मला 'आंटीजी' म्हणत होती आणि आमच्या जांभळाच्या झाडाकडे अशा नजरेने बघत होती की ही बाई कधी जाते. पुण्याहून मुलाचा फोन यायचा. आई, खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावलेत. मी 'हो हो' म्हणायचे. ह्यांना फोन दिला की हे त्याला सिमेंट-वाळूचं प्रमाण सांगायचे.

पुण्याला आम्ही आधी एकदा राहून आलो होतो. पंधरवड्यासाठी गेलो आणि आठवड्यात परतलो. फ्लॅट छान आहे, सून गुणी आहे, तक्रारीला जागा नाही. पण हे तिथे दारापासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून दारापर्यंत फेऱ्या मारायचे. चौथ्या दिवशी सोसायटीच्या पंपातून आवाज येतो म्हणून खाली जाऊन वॉचमनशी भांडले. पाचव्या दिवशी भांडायचंही सोडलं आणि टीव्हीसमोर बसले. हा माणूस इथे आणला तर दोन वर्षांत मिटेल, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी कुणाला बोलले नाही इतकंच.

आणि तरीही मला ती जमीन नको होती. का नको ते सांगते. माझं माहेर वर्ध्याकडचं, खेड्यातलं. मला एक धाकटी बहीण होती. आम्ही दोघी जमिनीवर एकाच सतरंजीवर झोपायचो. एक दिवस ती सकाळी उठली आणि पोटात दुखतंय म्हणाली. आईने ओवा दिला. काही नाही, होईल बरी, असं सगळे म्हणाले. मग तिच्या पापण्या मिटायला लागल्या, तरी मला सांगत होते, काही नाही गं, झोप येतेय तिला. दुपारपर्यंत ती गेली. मण्यार चावली होती. मण्यार झोपेत चावते, तिचा दंश धड दुखतसुद्धा नाही. सतरंजीच्या तिच्या बाजूला चावली, माझ्या बाजूला नाही, एवढाच फरक. तेव्हापासून मी जमिनीवर झोपलेली नाही. टाउनशिपमध्ये फरशी, जाळ्या, रस्त्यावर दिवे, तरीसुद्धा रात्री उठायचं झालं तर आधी दिवा, मग पाय.

हे सगळं ह्यांना लग्नापासून माहीत. तरी जमीन घेतली! माणसाला माहीत असणं आणि कळणं यात अंतर असतं, दुसरं काय.

आता ह्यांच्याविषयी. कारखान्यात हे ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या तपासायचे. टाकी म्हणजे खोलीएवढी लोखंडी पेटी, तिच्यात तेल भरतात. ते गळता कामा नये. म्हणून सांध्यावर एका बाजूने खडूचं पाणी फासायचं, दुसऱ्या बाजूने रॉकेल लावायचं आणि वाट बघायची. जोड कुठे कच्चा असला की पांढऱ्यावर डाग उमटतो. उमटला की टाकी परत. मार्चअखेर असो, माल बाहेर काढायची घाई असो, वरून साहेबांचे फोन असोत, टाकी परत म्हणजे परत. त्यांच्या बरोबरीचे सगळे केबिनमध्ये जाऊन बसले, हे शेवटपर्यंत टाक्यांपाशी उभे. घरातही तीच तऱ्हा. आमटीत मीठ कमी पडलं असेल तर पाहुण्यांसमोर सांगणार. नवी साडी नेसून कशी दिसते म्हणून विचारलं की खरं उत्तर देणारा नवरा, देव करो आणि वैरिणीच्याही वाट्याला न येवो.

तर असा माणूस एकटा घर बांधायला निघाला. भिंती गावातल्या गवंड्याकडून उभ्या करून घेतल्या, बाकी सगळं स्वतः. मी आठवड्यातून एकदा मागे बसून जायचे, डबा घेऊन, तोंड वाकडं करून. जवाहर चौकातून बिजागऱ्या, जाळी, नळाच्या तोट्या आणायचं काम माझ्याकडे. सिटी बसमध्ये मांडीवर जाळीची गुंडाळी घेऊन बसलेली मी, आणि शेजारची बाई विचारते, 'मुर्गियाँ पाली हैं क्या?' मी म्हटलं, हो, एक म्हातारा कोंबडा आहे.

त्यांचे एकेक प्रयोग काय सांगू. दिव्यासाठी सोलरची प्लेट आणली. नुसती छपरावर टाकायची की नाही? नाही. ती सूर्याबरोबर फिरली पाहिजे म्हणून जुन्या सायकलची चेन लावून स्टँड केला. प्लेट फिरायला लागली आणि वानरं येऊन तिच्यावर बसायला लागली. उन्हात तापलेली जागा, वर फिरतेय, त्यांना जत्राच. पावसाचं पाणी साठवायला लोखंडी पिंप उंचावर चढवलं, तर पाऊस यायच्या आत मधमाश्यांनी त्यात पोळं केलं, आणि हे झाकण उघडून आत डोकावले. आठ दिवस चेहरा भोपळ्यासारखा. रताळी लावली ती साळिंदराने खाल्ली, म्हणून आजूबाजूला पत्रे पुरले, तर रानडुकरांनी पत्र्यांसकट जमीन उकरली. मग डुकरांसाठी हाताने फिरवायचा भोंगा बनवला. तो एका संध्याकाळी फिरवला तेव्हा डुकरं ढिम्म, आणि खालच्या गावातली माणसं मात्र काठ्या-बादल्या घेऊन धावत आली, कुठे आग लागली म्हणून. त्यांना चहा पाजता पाजता माझं दूध संपलं.

एकदा ओटा ओला ठेवून आम्ही घरी गेलो, परत येऊन बघतो तर सिमेंटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पंजे उमटलेले. बिबट्या. ह्यांनी खिशातून मोजमापाचा व्हर्निअर काढला आणि पंजा मोजायला बसले. मी म्हटलं, मोजून काय करणार, त्याला बूट शिवणार? तर म्हणाले, चालीवरून वाटतं, घाईत नव्हता. घाईत नव्हता! मी त्या दिवशी परत येताना स्कूटरवर अख्खा रस्ता एक शब्द बोलले नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, याचा राग वेगळा.

बिबट्याचंही एक वेळ चाललं असतं. तो दाराबाहेर असतो. माझं सगळं लक्ष खाली. दगड उचलला की विंचू, गवतात सळसळ, लाकडाच्या ढिगाखाली सापाची कात. तिथे मी घोट्यापर्यंत बूट घालून, हातात काठी घेऊन, पाय आपटत चालायचे. हे अनवाणी.

क्वार्टरची मुदत संपत आली तेव्हा मीच विषय काढला. रोज आतल्या आत कुढण्यापेक्षा एकदा काय तो सोक्षमोक्ष. जेवण झाल्यावर मी त्यांना म्हटलं, "मला तिथे एक खोली अशी करून द्या, जिथे अंधारात मी पलंगावरून पाय खाली टाकीन आणि मला भीती वाटणार नाही. तशी झाली तर मी येते. नाही झाली तर इथली किल्ली दिली की पुणे. मग परत जमिनीचं नाव काढायचं नाही."

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. जरा विचार केला आणि म्हणाले, "चालेल."

झालं. माझा हा शब्द त्यांनी कारखान्याची ऑर्डर आल्यासारखा घेतला. एकच खोली, पण काय विचारता! दगडी भिंतींना आतून लाकडी फळ्या मारल्या. आमच्या टाउनशिपमध्ये पॅकिंगच्या लाकडाशिवाय कुणाचं घर उभं राहिलं असेल असं मला वाटत नाही. कारखान्यात मशिनं येत ती लाकडी खोक्यांतून, आणि त्या खोक्यांच्या फळ्यांतून सगळ्यांचे दिवाण, शोकेस, पोरांची टेबलं झालेली. आमच्या देव्हाऱ्याच्या मागे अजून 'ही बाजू वर' दाखवणारा काळा बाण आहे. तर असं वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं लाकूड त्या खोलीला लागलं. फळ्या रंधून गुळगुळीत, सांध्याला सांधा. दाराच्या खाली रबराची पट्टी. खिडकीला दुहेरी जाळी. फरशी तर अशी घोटली की तिच्यात बघून केस विंचरून घ्यावेत.

मग परीक्षा. खोलीत घमेल्यात शेणी आणि कडुलिंबाचा ओला पाला पेटवून दार बंद केलं. आत धूर कोंडला. हे एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, हातात खडू, आणि बाहेरून जिथे म्हणून धुराची रेघ निघेल तिथे खूण करायची. खोटं कशाला बोलू, मला त्या दुपारी मजा आली. छपराच्या पत्र्याखालून निघाला, चौकटीतून निघाला, दगडांच्या मधून निघाला, मी ओरडून सांगतेय, इथे आहे, इथेही आहे, आणि हे थापी घेऊन मागे मागे. डोळ्यांतून पाणी, अंगाला धुराचा वास. लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी त्यांच्या कामावर होते. पुन्हा धूर केला, पुन्हा बुजवलं. शेवटच्या खेपेला खोली गच्च धुराने भरलेली आणि बाहेर मात्र एक रेघसुद्धा नाही. हे भिंतीला हात लावून उभे राहिले. मला दिसत होतं, आतून फुलले होते.

खोलीला वारा दिला, धुतली, पुसली. पुढच्या शनिवारी आम्ही तिथे झोपायला गेलो. मला पलंग, उशाशी बॅटरीवरचा दिवा. ह्यांना पलंगावर झोप येत नाही, पाठ दुखते, म्हणून ते खाली, माझ्या पलंगाला लागून. मी दिवा विझवला, पुन्हा लावला, पुन्हा विझवला. मग कधी डोळा लागला कळलंच नाही.

जाग आली तेव्हा जाळीतून ऊन आत आलेलं. पलंगाशेजारी हे नव्हते. मी उठले आणि दारापर्यंत गेले, आणि दारात आल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण खाली न बघता चालत आलो. बूट नाही, काठी नाही. मला आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. आयुष्यभर आवळून धरलेली मूठ उघडावी तसं.

हे ओट्यावर बसले होते. स्टोव्हवर चहा झालेला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि स्वतःहून म्हटलं, झोप लागली बरं का मला, अगदी सकाळपर्यंत. येते मी इथे राहायला. आणि मग तोंड सुटलंच माझं. स्वयंपाकाचा ओटा जरा उंच करा, तुळस इकडे लावू, मुलाला आजच फोन करून सांगू की पडदे काढ. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी एकटीच बोलतेय. हे कपातल्या चहाकडे बघत होते. म्हटलं, अहो, पास झाली तुमची खोली.

त्यांनी कप खाली ठेवला. "आत ये जरा," म्हणाले.

आत कोपऱ्यात, पलंगाच्या पायथ्याशी, धूर केला होता तेच घमेलं पालथं घातलेलं होतं. त्यावर मोठा दगड. मी त्याच्या शेजारून चालत बाहेर गेले होते.

"मण्यार आहे," ते म्हणाले. "सकाळी अंथरूण गोळा करताना निघाली. माझ्या पांघरुणात होती."

मी पलंगावर चढले. पाय वर घेतले, गुडघे छातीशी. खोलीत ऊन, सगळं लख्ख, आणि त्या घमेल्यातून कसलाही आवाज नाही. त्यांनी मग सांगितलं. ती बाहेरून आलीच नव्हती. फळ्यांच्या आणि दगडी भिंतीच्या मध्ये चार बोटं जागा राहिलेली, ती आधीपासून तिथे राहत असणार. तिची जा-ये बाहेरच्या एखाद्या भोकातून. आम्ही दोघांनी धूर करकरून, खडूने खुणा करकरून, ती सगळी भोकं बुजवली. तिला बाहेर जायची वाटच ठेवली नाही. मग छताशी कुठल्याशा सांध्यातून ती आत उतरली. टाकी तपासणाऱ्या माणसाला एवढंच ठाऊक, की आतलं बाहेर जाता कामा नये. आणि तेच त्याने करून ठेवलं होतं.

मला एकदम संताप आला. मी म्हटलं, "मी तिकडे बाहेर बडबड करत होते, येते म्हणत होते, तेव्हा गप्प बसला असता तर? नेऊन टाकली असती लांब कुठेतरी. मला काय कळणार होतं?"

ते दारापाशी उभे होते. म्हातारे दिसत होते. "मग तू रोज इथे झोपली असतीस," ते म्हणाले. "खोली नापास आहे. आपण पुण्याला जाऊ."

मी रडले. बहिणीसाठी रडले, तिच्यासाठी मला तेव्हा धड रडूही दिलं नव्हतं. आणि रात्रभर हा माणूस खाली जमिनीवर, ती मण्यार पांघरुणात घेऊन झोपला होता, हे आत्ता कुठे मला कळायला लागलं. कूस बदलली असती तर? हात पसरला असता तर? मी वर पलंगावर सुखाने घोरत होते आणि सकाळी कुणीतरी पोट दुखतं म्हणालं असतं. मला घाबरवणारी गोष्ट लहानपणापासून सगळ्यांनी माझ्यापासून लपवली. आईने, वडिलांनी, सगळ्या मोठ्या माणसांनी, प्रेमानेच लपवली. तोंडावर सांगणारा हा एकटा. त्याला ही जागा हवी होती, जिवापाड हवी होती, आणि मी हो म्हटलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं त्याने. तेवढंही जमलं नाही मेल्याला.

त्यांनी घमेल्याखाली हळूहळू पत्र्याचा तुकडा सरकवला, वरून फडकं आवळून बांधलं आणि दोन्ही हातांत ते ओझं आडवं धरून निघाले, नाल्यापलीकडे सोडायला. मारायचं त्यांच्या मनात आलं नाही, माझ्याही तोंडून निघालं नाही. मी पलंगावरून जाळीतून बघत राहिले. पावलं जपून टाकत होते. झाडीत शिरले आणि दिसेनासे झाले. मी वाट बघितली. दिसेनात. पडले असतील का, फडकं सुटलं असेल का, हाक मारली तर ऐकू येईल का. मला पलंगावर बसवेना. फ्लॅटमध्ये त्या टीव्हीसमोर बसलेले हे मला दिसायला लागले, आणि ते चित्र मला इतकं असह्य झालं की मी उठले.

अनवाणीच उठले. दारामागे त्यांची पहार होती. ती घेतली आणि कोपऱ्यातल्या पहिल्या फळीच्या फटीत घुसवून सगळ्या जोराने दाबली. खिळे किंचाळले. फळी सुटली, मागचा दगड दिसला, दगडावर धुळीत गेल्या-आल्याची नागमोडी खूण. मी पहार दुसरीला लावली.

ते परत आले तेव्हा दोन फळ्या जमिनीवर होत्या आणि मी तिसरीशी झटत होते. ते दारात थबकले. हातातलं रिकामं घमेलं खाली ठेवायचंही विसरले.

"काय करतेस?"

"नापास टाकी तुम्ही भंगारात टाकत होता का? दुरुस्तीलाच पाठवत होता ना?" मी म्हटलं. "आपल्याला अजून मुदत आहे."

त्यांनी तोंड फिरवलं. शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, एकदा, मग पुन्हा. मी काही बघितलं नाही असं दाखवलं. मग ते आत आले, माझी काठी आणून माझ्या हाताशी ठेवली आणि फळीचं दुसरं टोक धरलं. "आत हात घालू नकोस," म्हणाले. "आधी काठीने बघ."

मी काठीने बघितलं. आत काही नव्हतं. मग आम्ही ती फळी ओढली.